सही करण्याआधी थांबा : शाळा-कॉलेजात मुलांवर आळ आला तर



आपल्या गावांतली कितीतरी मुलं दहावीनंतर पहाटेची लोकल धरतात. पालघर, सफाळ्याकडची बोरिवली-अंधेरीला जातात. आसनगाव, वासिंदकडची मुलुंड-घाटकोपरला. कुणी मामाकडे राहतं, कुणी वसतिगृहात. फीचा पहिला हप्ता बऱ्याच घरांत गटाच्या अंतर्गत कर्जातून गेलेला असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि मग एक दिवस फोन येतो : "ताबडतोब कॉलेजात या."

असा फोन गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंना आला. मुलगी अकरावीला, बोरिवलीकडच्या एका कॉलेजात. वर्गातल्या एका मुलीचा मोबाइल गेला होता आणि संशय हिच्यावर आला. गेटवरच्या सुरक्षारक्षकांनी हिला त्यांच्या केबिनमध्ये बसवलं, दप्तर उपसलं, "पोलिसांत देतो" असा दम दिला. ताई लावणी टाकून निघाल्या, पोचायला तीन तास लागले. तोवर पोरगी केबिनमध्येच. ऑफिसात एक इंग्रजीत टाइप केलेला कागद तयार होता. "इथे सही करा, प्रकरण मिटवून टाकू." ताईंनी सही केली. कोण करणार नाही? समोर पोरगी रडतेय, साहेब उभे आहेत, शेवटची गाडी चुकायला नको.

मोबाइल दोन दिवसांनी सापडला. ज्या मुलीचा होता तिच्या मावशीच्या घरी. पण कागद? तो आमच्या सीआरपी ताईंनी वाचला तेव्हा कळलं : "घरगुती अडचणीमुळे मी माझ्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला राजीखुशीने काढून घेत आहे."

म्हणजे कागदोपत्री कॉलेजाने मुलीला काढलंच नव्हतं. तिला आपणच काढलं होतं. कॉलेजाने काढलं असतं तर चौकशी, कारण, आदेश असं सगळं त्यांना दाखवावं लागलं असतं. आपल्या एका सहीने ते सगळं वाचलं. हा लेख त्या एका सहीसाठी आहे.

आधी मुलाचं वय बघा

कायदा मुलाच्या वयाप्रमाणे बदलतो. पहिली ते आठवी, म्हणजे सहा ते चौदा वर्षं, इथे शिक्षण हक्क कायदा लागतो. तो २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. मस्ती केली, मारामारी केली, मुख्याध्यापकांना उलट बोललं, तरीही नाही. कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, पण म्हणून तिथे मुलाला मारायची मोकळीक आहे असं समजू नका. फौजदारी कायदा सगळ्या शाळांना सारखाच.

अठरा वर्षांच्या आतलं प्रत्येक मूल, मग ते बारावीत असो की नोकरीवर, बाल न्याय कायद्याखाली 'बालक' असतं. आमच्या ताईंची मुलगी सोळा वर्षांची. तिला शिक्षण हक्क कायदा लागू नव्हता, बाल न्याय कायदा होता. अठरा पूर्ण झाली की मात्र मुलगा-मुलगी कायद्यापुढे तुमच्या-आमच्यासारखे मोठे. म्हणून वयाचा पुरावा जवळ असू द्या. आधार कार्ड वयाच्या पुराव्यासाठी पुरत नाही, शाळेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला लागतो. मुलाच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. हे काम आजच करता येईल.

वर्गात

"मास्तरांनी मारलं तर चांगल्यासाठीच मारलं असेल", असं आपल्या घरात अजून म्हणतात. माझी आईही म्हणायची. पण जुलै २०२५ मध्ये मालाडला आठ वर्षांच्या मुलाचा हात शिकवणीच्या बाईंनी पेटत्या मेणबत्तीवर धरला, अक्षर चांगलं येत नाही म्हणून. कुरार पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वसईत सहावीतल्या मुलीला उशीर झाला म्हणून दप्तर पाठीवर ठेवून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती मुलगी दगावली आणि शिक्षिकेवर गुन्हा नोंदवला गेला. ही दोन्ही ठिकाणं आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहेत.

मुलाच्या अंगावर वळ दिसले तर त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. उपनगरात असाल तर कांदिवलीचं शताब्दी, विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी. डॉक्टरांना कारण खरं सांगा. "पडला" म्हणून सांगितलंत तर तेच कागदावर येतं आणि पुढे काही चालत नाही. वळांचे फोटो काढा. मग लेखी तक्रार करा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे मुलाची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्या माणसाने क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र सांगते, काही जणींना आवडणार नाही. दहा-वीस माणसं घेऊन शाळेत जाऊन मास्तरांची कॉलर धरू नका. सरकारी किंवा पालिकेच्या शाळेतल्या शिक्षकावर हात उगारला तर सरकारी नोकरावर हल्ल्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो, आणि मग मुलाची तक्रार बाजूला राहून तुमचाच जामीन करावा लागतो.

गेटवर

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात, त्यांना अटकेचे अधिकार असतात. आपल्याकडे कॉलेजच्या गेटवर उभा असतो तो पोलीस नसतो. तो बहुतेक वेळा एखाद्या खासगी एजन्सीचा सुरक्षारक्षक असतो, त्याच्या शर्टाचा रंग काहीही असो. खासगी रक्षकाने पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घालणं हाच २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. काही सरकारी संस्थांत महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान असतात. त्यांचा कायदा वेगळा, २०१० चा. पण त्यांची केबिन म्हणजे पोलीस ठाणं नव्हे.

सुरक्षारक्षकाला तुमच्या-माझ्याइतकाच अधिकार आहे. तो काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की, कुणी आपल्या डोळ्यांदेखत गंभीर, म्हणजे दखलपात्र आणि अजामीनपात्र, गुन्हा केला तर सामान्य माणूसही त्याला पकडू शकतो. पण पकडल्यावर विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. हे सहा तास केबिनमध्ये बसवून दम द्यायला दिलेले नाहीत. आणि नुसता संशय म्हणजे डोळ्यांनी बघणं नव्हे. आमच्या ताईंच्या मुलीला मोबाइल उचलताना कुणीच पाहिलं नव्हतं. तिला केबिनमधून जाऊ न देणं याला कायद्यात 'बेकायदेशीरपणे डांबून ठेवणं' म्हणतात. तो दखलपात्र गुन्हा आहे. म्हणून तक्रार लिहिताना किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसवलं, दार बंद होतं का, कोण कोण होतं, हे आवर्जून लिहा.

आत येताना दप्तर बघायचा संस्थेचा नियम असू शकतो. अंगाला हात लावून किंवा कपडे काढायला लावून झडती घेणं ही वेगळी गोष्ट. जुलै २०२५ मध्ये शहापूरला स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे काढायला लावून कोणाची पाळी चालू आहे हे तपासलं गेलं. आपल्यातल्या कित्येक जणींच्या मुली त्या भागात शिकतात, तेव्हा आपल्या बैठकांत दुसरा विषय नव्हता. मुख्याध्यापिकेला आणि एका सेविकेला अटक झाली, पोक्सोखाली गुन्हा लागला. तपासणाऱ्या बायकाच होत्या, तरी ते कायदेशीर झालं नाही, हे लक्षात ठेवा. मुलींना सांगून ठेवा : "आईला बोलवा, तोपर्यंत मी कपड्यांना हात लावू देणार नाही."

ऑफिसात

आपली माणसं सगळ्यात जास्त हरतात ती इथे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॉलेजाला शिस्त लावायचा अधिकार आहे. समज देणं, दंड, निलंबन हे सगळं नियमात बसतं. पण शिक्षा देण्याआधी तीन गोष्टी कराव्याच लागतात. आरोप काय ते सांगायचं. मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. आणि निर्णय कारणासकट द्यायचा. वकील याला नैसर्गिक न्याय म्हणतात. आपल्या गावकीतसुद्धा आरोपीला बोलायला उभं करतातच की.

याचं एक मोठं उदाहरण पुण्यात घडलं. मे २०२५ मध्ये इंजिनिअरिंगची एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी, मूळची जम्मू-काश्मीरची. तिने ऑपरेशन सिंदूरबद्दल समाजमाध्यमावर एक मजकूर पुढे पाठवला. दोन तासांत काढून टाकला, माफीही मागितली. ९ मे रोजी पोलिसांनी तिला अटक केली आणि कॉलेजाने तिला काही विचारायच्या आतच काढून टाकलं. परीक्षा तोंडावर, आणि पोरगी येरवड्याच्या तुरुंगात. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २७ मे रोजी न्यायालयाने तिला सोडायचा आदेश दिला, कॉलेजाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसू द्या असं सांगितलं. सरकार आणि कॉलेज दोघांनाही न्यायाधीशांनी चांगलंच सुनावलं. तिचा मजकूर बरा होता की वाईट, यावर आपल्यात दोन मतं असतील. असू देत. तिचं म्हणणं न ऐकता तिला काढता येत नव्हतं, मुद्दा एवढाच.

पण दरवेळी निकाल विद्यार्थ्याच्याच बाजूने लागतो असं नाही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीएचडी करणाऱ्या एका दलित विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. कारण दिल्लीच्या मोर्चातला सहभाग आणि समाजमाध्यमावरचे मजकूर. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालय संस्थेच्या बाजूने गेलं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे मे २०२५ मध्ये भोगून झालेलं निलंबन पुरेसं धरून त्याला शिक्षण पूर्ण करू द्यायला सांगितलं. म्हणजे लढायचं तर वेळ जातो, वर्षही जाऊ शकतं. पण या दोघांकडेही कोर्टात दाखवायला एक गोष्ट होती : संस्थेचा लेखी आदेश. ज्याने स्वतःच्या हाताने दाखला काढून घेतला त्याच्याकडे दाखवायला काय असणार?

म्हणून ऑफिसात गेल्यावर एवढं करा. समोरचा कागद मराठीत वाचून दाखवायला सांगा. "मी हा घरी नेऊन वाचते, उद्या उत्तर देते" असं म्हणा. कोणताही कायदा तुम्हाला त्याच दिवशी सही करायला लावत नाही. माफीनामा, हमीपत्र, दाखल्याचा अर्ज, कोरा कागद, यातल्या कशावरही त्या दिवशी सही नको. 'मिटवून टाकू' हे शब्द ऐकले की दोनदा विचार करा. त्याऐवजी तुम्हीच एक अर्ज द्या. साध्या कागदावर, हाताने लिहिलेला चालतो :

"मा. प्राचार्य यांस. दिनांक ____ रोजी माझी मुलगी/मुलगा ____, इयत्ता ____, हिच्या/ह्याच्या संदर्भात मला फोन करून बोलावले. तिच्यावर/त्याच्यावर नेमका कोणता आरोप आहे, तो कोणी केला व पुरावा काय आहे, हे मला लेखी द्यावे. तिचे/त्याचे म्हणणे माझ्यासमोर ऐकून घ्यावे. तोपर्यंत वर्गात व परीक्षेला बसू द्यावे. मी आज कोणताही माफीनामा किंवा दाखल्याचा अर्ज दिलेला नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सहीशिक्का घ्या. क्लार्क पोच देत नसेल तर वाद घालू नका, जवळच्या पोस्टातून तोच अर्ज स्पीड पोस्टाने प्राचार्यांना पाठवा आणि पावती जपा. गटाचं प्रोसिडिंग जपतो तशीच.

उत्तर नाही आलं तर वर जायचं. शाळा मुंबईत असेल तर शिक्षण निरीक्षक, पालिकेची असेल तर पालिकेचे शिक्षणाधिकारी, आपल्या तालुक्यातली असेल तर गटशिक्षणाधिकारी. अकरावी-बारावीसाठी शिक्षण उपसंचालक. पदवीच्या कॉलेजांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे नियम आहेत. त्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजाला विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, समाधान झालं नाही तर लोकपालाकडे अपील करता येतं. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवली असतील तर तीही तक्रार तिथेच. जातीवरून बोललं असेल तर ते शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तो अॅट्रॉसिटी कायद्याचा वेगळा विषय आहे.

पोलीस ठाण्यात

मूल अठराच्या आतलं असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आईवडिलांना कळवावंच लागतं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे नेावं लागतं. त्याच्याकडून जबाबावर सही घ्यायची नसते. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, आत गेल्या गेल्या त्यांचं नाव विचारा. अठराच्या वरच्या मुलीला सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊनच. नुसती साक्ष घ्यायची असेल तर कोणत्याही बाईला किंवा पंधरा वर्षांखालच्या मुलाला ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनी घरी यायचं. मोबाइल घेतला तर जप्तीचा पंचनामा मागा.

आता उलट बाजू. तक्रार आपण द्यायला गेलो तर? बदलापूर आठवा. ऑगस्ट २०२४, दोन लहान मुलींवर शाळेत अत्याचार झाला आणि पालकांना गुन्हा नोंदवून घ्यायला ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं. लोक रेल्वे रुळावर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पोलिसांवर कारवाई झाली. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे आणि त्याची प्रत फुकट मिळते. घटना बोरिवलीची असली तरी तुम्ही पालघरच्या ठाण्यात तक्रार देऊ शकता. याला झिरो एफआयआर म्हणतात, पुढे ती बोरिवलीला पाठवायचं काम पोलिसांचं. आपल्यासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण तिकडच्या ठाण्यात आपलं कोण ओळखतं? घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, मुंबईत असेल तर पोलीस उपायुक्तांना. साध्या चापटीसारख्या बाबतीत पोलीस एनसी लिहून देतात, ती म्हणजे एफआयआर नव्हे. पण तिचीही प्रत घ्या, बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाताना लागते.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर ऐका : बाई आणि मूल यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. फोन नंबर १५१००. मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, कॉलेजातल्या रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२.

आमच्या ताईंचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सीआरपी ताई आणि गटाच्या सचिव दोघी त्यांच्यासोबत परत कॉलेजात गेल्या. अर्जात लिहिलं की सही इंग्रजी कागदावर, मजकूर न सांगता घेतली, ती मी मागे घेते, मुलीला तीन तास केबिनमध्ये ठेवलं त्याचं कारण लेखी द्या. पोच घेतली. चौथ्या दिवशी फोन आला, मुलीला वर्गात पाठवा म्हणून. कारण मात्र लेखी अजून मिळालेलं नाही, दुसरं स्मरणपत्र गेलंय. मुलगी आता बारावीला आहे.

वरच्या अर्जाच्या छापील प्रती ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत मिळतील. ज्यांची मुलं मुंबईला शिकतात त्यांनी एक मुलाच्या दप्तरात ठेवावी आणि एक घरी.